तिच्या प्रेमाला तिच्या कामाशेजारी बसवा

29 ऑगस्ट 1868 रोजी सावित्रीबाई फुल्यांनी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना एक पत्र लिहिलं. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पोथीपंचांग घेऊन गावोगाव फिरायचा आणि त्यावर पोट भरायचा. या गावी आला आणि सारजा नावाच्या महार मुलीवर त्याचं प्रेम जडलं. तिला सहावा महिना लागला तेव्हा गावाला कळलं. लोकांनी दोघांना धरलं, मारत मारत गावातून फिरवलं आणि त्यांचा जीव घ्यायला निघाले. सावित्रीबाई धावत तिथे पोचल्या. इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावाला थोपवलं. गाव सोडून जायचं या बोलीवर दोघांचे प्राण वाचले आणि सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे धाडलं.

हे नायगाव आपल्याच नीरेच्या खोऱ्यात आहे. जातीची भिंत ओलांडणारं प्रेम, त्यासाठी जमावासमोर उभी राहिलेली एक बाई आणि त्या बाईला तेवढ्याच विश्वासाने साथ देणारा तिचा नवरा, असं सगळं त्या एका पत्रात आहे. सारजा मात्र त्या पत्रात एक शब्दही बोलत नाही. ती काय बोलली असेल, हे लिहिणं कादंबरीकाराचं काम आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या लिहित्या माणसांनो, मी तुमच्यापुढे हा हट्ट घेऊन आलो आहे, की हे काम तुम्ही हाती घ्या. वाट मोडून नवी वाट पाडणाऱ्या आपल्याकडच्या बायकांवरून ऐतिहासिक प्रेमकथा लिहा.

मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीचं वेड जुनं आहे. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871ची. रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 साली आली आणि माधवराव-रमाबाईंचं प्रेम घराघरांत पोचलं. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ 1972ची, तिने मस्तानीला माणूस म्हणून समोर आणलं. पण हे सारं प्रेम वाड्यांतलं आणि गादीभोवतीचं. आपल्याकडे इतिहास म्हटला की बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा आणि मोरोपंत, इंदापुरात मालोजीराजांची गढी. ज्या बाईने गावात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल हातात घेतली, नवऱ्यामागे एकटीने शेत राखलं, पंचायतीत पहिल्यांदा तोंड उघडलं, तिला कथेत जागा मिळालेली नाही. शाळा-कॉलेजच्या पाटीवर नाव लागलं तरी ते नाव धारण करणारी बाई पुढच्या पिढीला कळतेच असं नाही. ती कळावी, तर तिची गोष्ट सांगावी लागते.

लिहिताना पहिली गोष्ट धरा ती ही: तिचं काम आधी समजून घ्या. काटेवाडीच्या शारदाबाई पवारांचं उदाहरण बघा. पुण्याच्या सेवासदनात शिकलेली ही मुलगी लग्न होऊन बारामतीच्या बाजूला आली आणि 1938 साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेली. 12 डिसेंबर 1940ला त्यांचा मुलगा शरद जन्मला. अवघ्या काही दिवसांचं ते बाळ घेऊन आई बोर्डाच्या बैठकीला पुण्याला गेली होती, ही आठवण त्या मुलाने पुढे स्वतः सांगितली आहे. लिहिणाऱ्याने इथे थांबून विचारायला हवं: ओली बाळंतीण पुण्याला गेली कशी? एसटीची पहिली गाडी धावली 1 जून 1948ला, म्हणजे तेव्हा लाल गाडी नाही. दौंड-बारामती ही अरुंद रुळांची रेल्वे 1914पासून होती. कोणती गाडी धरली, बाळाला कशात गुंडाळलं, बैठकीत ते रडलं तर कोणी घेतलं, घरी बाकीची मुलं कोणाकडे ठेवली, आणि हे सगळं करू देणारा, मागचं घर सांभाळणारा नवरा कसा होता? या प्रश्नांची उत्तरं शोधत गेलात की प्रेमाची गोष्ट आपोआप हाती लागते. त्या काळात बायकोला सभेला जाऊ देणं, तिच्या पाठीशी भावकीत उभं राहणं, हीच प्रेमाची मोठी खूण होती. चांदण्यातल्या भेटी घालण्याआधी हे लिहा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. त्या काळच्या प्रत्येक लग्नाला प्रेमकथा म्हणू नका. न्यायमूर्ती रानड्यांशी 1873 साली लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि ते एकतीस वर्षांचे. त्या लग्नात प्रणय शोधू नका. नवऱ्याने शिकवायला घेतलं, घरातल्या बायकांनी त्यावरून छळलं, तरी शिकणं सुटलं नाही, आणि त्या शिकण्यातून अनेक वर्षांनी दोन माणसांत जिव्हाळा वाढला. रमाबाईंच्या 1910च्या आठवणींत तो वाचायला मिळतो. प्रेम लिहायचं तर ते त्या वाढत्या वयातलं, बरोबरीला येत चाललेल्या बाईचं लिहा.

आनंदीबाई जोशींच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि दहा दिवसांत मूल गेलं. 1883 साली एकटीने समुद्र ओलांडला, 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात, बावीसही पुरी न होता, गेल्या. श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ने त्यांना घरोघरी नेलं, हे त्या कादंबरीचं मोठं देणं आहे. पण शिकवण्याच्या हट्टापायी गोपाळरावांनी लहानपणी केलेली मारहाण आनंदीबाईंनी स्वतः अमेरिकेहून त्यांना लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवली आहे. त्याच माणसाशिवाय त्या तिथवर पोचल्या नसत्या, हेही खरं. दोन्ही लिहायची हिंमत ठेवा. माराला ‘प्रेमापोटी’ म्हणून सोडून दिलंत, तर आजच्या वाचक मुलीला तुम्ही चुकीचा धडा देता.

तिसरी गोष्ट: प्रत्येक बाईच्या आयुष्यात नायक आणून बसवू नका. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. मोठेपणी त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत, तेव्हा त्याने 1884 साली मुंबईत खटला भरला. 1887मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. मनाविरुद्ध नांदण्यापेक्षा तुरुंग पत्करते, असं त्यांनी सांगितलं. 1888 साली तडजोड झाली. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटात वर्षानुवर्षं दवाखाने चालवले, पुन्हा लग्न केलं नाही आणि 1955 साली वारल्या. त्यांच्या नावावर खोटा प्रियकर चिकटवणं हा अन्याय आहे. त्यांच्या धाडसावरून तुम्हाला प्रेमकथा सुचत असेल तर जरूर लिहा, पण नायिकेला वेगळं नाव, वेगळं गाव, वेगळं माहेर द्या. तिचा सखाही मग तुमचा, तिचे दोषही तुमचे. खऱ्या बाईच्या हृदयातलं जे कागदावर नाही ते तिच्या नावाने सांगायचं नाही, एवढं पथ्य पाळा. पुस्तकाच्या शेवटी एक पान द्या आणि त्यात काय घडलेलं, काय रचलेलं, हे सरळ सांगा. वाचक त्याने दुरावत नाही, त्याचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

आणि जिथे खरंच प्रेम कागदावर आहे, तिथे ते घेताना मागेपुढे पाहू नका. पुण्याहून दौंडच्या वाटेवरचं केडगाव तुम्हाला माहीत आहे. तिथलं मुक्ती सदन पंडिता रमाबाईंचं. संस्कृत शास्त्रार्थाने कलकत्त्याला थक्क करणाऱ्या या बाईने 1880 साली बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो ब्राह्मण नव्हता, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. दोन्ही बाजूंनी बहिष्कार आला. एप्रिल 1881मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. दोन वर्षंही न भरलेला संसार. पुढची चाळीस वर्षं त्यांनी एकटीने काढली. दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणून केडगावी वसवलं, त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली आणि 1922 साली तिथेच देह ठेवला. एवढ्या छोट्या संसाराचं पुढच्या एवढ्या मोठ्या कामाशी काय नातं होतं, यावर एक अख्खी कादंबरी उभी राहते. बारामतीच्या कोणाही लेखकाला सकाळी निघून केडगाव पाहून संध्याकाळी घरी येता येतं.

चौथी गोष्ट आपल्या मातीची. 1876-77च्या दुष्काळाच्या मागून भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा झाला आणि या मुलखाचं नशीब बदललं. कऱ्हा कोरडी, कालवा भरलेला. अलीकडे बागायत, पलीकडे जिरायत. कालव्यावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका, पाणी आल्यावर उसाच्या फडात राबणाऱ्या, गुऱ्हाळावर रात्र काढणाऱ्या, पुढे वालचंदनगरच्या कारखान्यापाठोपाठ बिऱ्हाड घेऊन आलेल्या, या सगळ्या नव्या मुलखात पहिल्या पावलाच्या बायका आहेत. अलीकडचं हवं असेल तर उजनीच्या पाण्याखाली गेलेली इंदापूर तालुक्यातली गावं घ्या. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, पण त्या गावातून उठून माळावर नवं घर मांडणाऱ्या सुना आज आज्या झाल्या आहेत आणि बोलायला तयार आहेत. त्यांच्याकडे आधी जा. कागद चार वर्षांनीही सापडेल, आजी सापडेलच असं नाही.

त्यांना विचारा: तुम्ही मालकांना हाक कशी मारायच्या? हे फार महत्त्वाचं आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा त्या काळचा नियम. कुठे ‘इकडून’ म्हणायच्या, कुठे ‘कारभारी’, कुठे ‘धनी’, कुठे नुसतं ‘अवो’. नाव घ्यायची सवड उखाण्यात. त्या एका उखाण्यात बाई आपलं सगळं मन सांगून जायची. सासू-जावांच्या गराड्यात दिवसभर नवऱ्याशी एक शब्द न बोललेली बाई पहाटे जात्यावर बसली की बोलायची. पुण्याच्या गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या आहेत. पुणे जिल्ह्यातल्या बायकांनी त्यात पुष्कळ भर घातली आहे. माहेर, भाऊ, नवरा, मार, माया, सारं तिथे आहे. प्रेमाची भाषा तिथून शिका. मालिकेतल्या संवादांवरून शिकलात तर 1885च्या नायिकेच्या तोंडी आजचं शहरी मराठी येईल आणि वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल.

वस्तूंचंही तसंच. तुमची नायिका कंदील लावते की चिमणी, लुगडं नऊवारी आहे पण कुठल्या मागावरचं, चहा घरात आला होता का, आणा-पैमध्ये हिशेब कसा होई, हे तपासा. 1885चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर चाळा. पिकं, बाजार, भाव, जाती, सण यांची बारीक नोंद त्यात आहे. गावच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघायची परवानगी मागा. पहिली मुलगी कधी दाखल झाली आणि कधी नाव कमी झालं, हे त्या एका ओळीत कळतं. ‘दीनबंधु’, ‘ज्ञानोदय’, आणि 1930नंतरचं ‘स्त्री’ मासिक यांचे अंक पुण्याच्या ग्रंथालयांत शोधा. मोडी येत नसेल तर शिका, त्याचे वर्ग चालतात.

जात मात्र झाकू नका. ती झाकली की सारजा आणि गणेश यांची गोष्टच उरत नाही. कोणाच्या विहिरीला कोण हात लावत नव्हतं, कोण देवळाबाहेर उभं राहायचं, कोणाच्या मुलीला शाळेत कुठे बसवायचे, हे लिहा. ज्या समाजाची गोष्ट लिहिता त्या समाजातल्या माणसाला कच्चा खर्डा वाचायला द्या आणि तो जे सांगेल ते मनापासून ऐका. घरातल्या कोणाची गोष्ट असेल तर घरच्यांना विचारून लिहा, आणि ते नको म्हणाले तर नाव-गाव बदला.

मोठी कादंबरी झेपणार नाही असं वाटत असेल तर पहिल्यांदा वीस पानं लिहा. एक बाई, एक वर्ष, एक निर्णय. ती कोणत्या कामासाठी उंबरा ओलांडते आणि त्या वेळी तिच्या मनात कोण आहे, एवढंच. महिला मंडळात, कॉलेजच्या वर्गात, गावच्या वाचनालयात ती पानं मोठ्याने वाचा. मग पुढचं लिहा. शिक्षकांना माझी विनंती आहे, की दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आजीची मुलाखत घ्यायला सांगा आणि त्या वह्या जपून ठेवा. पुढच्या दहा कादंबऱ्यांचा माल त्यात असेल. ग्रंथालय चालवणाऱ्यांनी गावातल्या बायकांची जुनी पत्रं, फोटो, वह्या यांच्या नकला करून एक कपाट भरावं.

बाईचं काम लिहून प्रेम वगळलं की तिचा पुतळा होतो, आणि प्रेम लिहून काम वगळलं की ती कोणाची तरी सावली होते. दोन्ही एकत्र लिहिलं की बाई उभी राहते. ती उभी करायला लागणारी भाषा, माती आणि माणसं तुमच्याकडे आहेत. येत्या रविवारी वही घ्या आणि घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात वयस्क बाईसमोर जाऊन बसा.