आधी तपासणी, मग गोळी

कणकण आली की औषधाच्या दुकानातून दोन-चार अँटिबायोटिक गोळ्या घ्यायच्या, बरे वाटले की उरलेल्या फडताळात टाकायच्या. ही सवय आता जिवावर उठली आहे. अर्धवट डोसातून तगलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. मलेरियाने हे केव्हाच दाखवले: १९७३ मध्ये आसामात क्लोरोक्विनला न जुमानणारा परजीवी सापडला.

मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये प्रतिजैविक-रोधाविरुद्ध कृती आराखडा आखला. राज्यांत केरळनंतर दुसरा. पण 'आधी तपासणी, मग औषध' हे खरे मोलाचे काम त्याच राज्यातल्या मंडला जिल्ह्यात, मलेरियाबाबत झाले. २०१७ पासून १,२३३ गावांत कार्यकर्ते घरोघर फिरले. ताप दिसला की बोटाला टोचून थेंबभर रक्त, जागच्या जागी तपासणी, मलेरिया निघाला की औषध आणि पूर्ण उपचार होईपर्यंत पाठपुरावा. स्थानिक रुग्ण ९१ टक्क्यांनी घटले.

महाराष्ट्रात गडचिरोलीतही मलेरिया ठाण मांडून आहे. पावसात तिथली गावे तुटण्याआधी आशाताईंच्या हाती तपासणी किट आणि औषधांचा पुरेसा साठा पोहोचला पाहिजे, त्यांचे मानधनही थकता कामा नये. आरोग्य खात्याने हे याच हंगामात करावे.