निष्काळजी कोण?

रांचीहून रामगढकडे उतरताना चुटुपालूचा घाट लागतो. काही वर्षांपूर्वी त्या उतारावर माझी सरकारी गाडी दीड तास अडकून पडली होती. पुढे पोलादी पत्र्याची एक कॉइल रस्त्यात पडली होती. ज्या ट्रेलरवरून ती सुटली, त्याची केबिन पार चेपली गेली होती. चालक जागीच दगावला होता. पंचनाम्याच्या वेळी तेथील दरोगाने मला कारण सांगितले: ‘चालक की लापरवाही’. मृत आरोपीवर खटला चालत नाही, त्यामुळे प्रकरण तेथेच मिटले असणार. माझा आक्षेप त्या तीन शब्दांना आहे.

वाचकहो, पंचवीस टनांची कॉइल घेऊन जाणाऱ्या ट्रेलरला जोराचा ब्रेक लागला की गाडी थांबते, कॉइल पुढे सरकू पाहते. युरोप-अमेरिकेतील नियम असे धरून चालतात की बांधणीने मालाच्या वजनाच्या आठ दशांशाइतका पुढचा आणि निम्म्याइतका बाजूचा जोर सोसला पाहिजे. म्हणजे वीस टन पुढे आणि साडेबारा टन बाजूला. कॉइलचे भोक आकाशाकडे आहे, गाडीच्या आडवे आहे की लांबीच्या दिशेने, त्यानुसार साखळ्या कशा घालाव्यात हेही अमेरिकेत नियमाने ठरवून दिलेले आहे. आपल्या रस्त्यांवर मी पाहतो त्या बऱ्याच गाड्यांवर लाकडाच्या दोन पाचरी आणि एक गंजलेली, सैल साखळी असते.

आता कारखान्याच्या फाटकाशी चला. गाडी आत जाताना रिकामी तोलली जाते, बाहेर पडताना भरलेली. किलोकिलोचा हिशेब जुळल्याशिवाय गेटपास मिळत नाही. क्रेन कारखान्याची, माल कोठे ठेवायचा हा निर्णयही कारखान्याचा. बांधणी मात्र चालकाची! साखळी त्याने आणायची, पाचर त्याने शोधायची आणि मागे रांग लागलेली असताना दहा मिनिटांत फाटक सोडायचे. भाडे टनावर ठरते. नीट बांधण्यात गेलेल्या तासाचे त्याला कोणी काही देत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१४ मध्ये सळ्या गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढण्याची सवलत रद्द झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आला. गाडीबाहेर डोकावणाऱ्या मालालाही वीस हजार. वजन मोजले, लांबी मोजली. साखळी किती जोर सोसते, हे त्या कलमाने विचारले नाही. शिवाय तेथे चालवणाऱ्याबरोबर ‘चालवण्यास लावणारा’ आणि ‘चालवू देणारा’ हेही दोषी धरले आहेत. तरी चलान फाटते ते बहुधा रस्त्यावर सापडलेल्याच्या नावाने, कारण कारखान्याच्या फाटकाशी जाऊन विचारण्याचे कष्ट आम्ही प्रशासनातील लोक घेत नाही. यात माझाही समावेश आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे कोडे वाटत नाही. गिडो कालाब्रेसी यांनी १९७० साली मांडले की अपघाताचा भार, तो सर्वांत कमी खर्चात टाळू शकणाऱ्यावर ठेवावा. येथे तो पक्ष फाटकाच्या आत बसलेला आहे.

यावर उत्तर ठरलेले असते: खर्च वाढेल, पोलाद महागेल. टनाला पन्नास हजार रुपये धरले तरी एका कॉइलची किंमत साडेबारा लाख होते. शेकडो फेऱ्या टिकणाऱ्या साखळ्या, टर्नबकल आणि खाली रबरी चटई यांचा खर्च फेऱ्यांवर वाटला तर तो त्या किमतीत शोधावा लागेल. जीव गमावणाऱ्याच्या घरचा खर्च मात्र कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

मागणी साधी आहे. दुसऱ्या तोलाच्या वेळीच बांधणी तपासावी. तपासणाऱ्याचे नाव व सही गेटपासवर असावी. माल सुटून अपघात झाल्यास तपास त्या सहीपासून सुरू व्हावा. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत तीस कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. ते सारे पोलाद रेल्वेने जाणार नाही. जे रस्त्याने जाईल त्याच्या पुढ्यात, केबिनच्या पातळ पत्र्यापलीकडे, एक माणूस बसलेला असेल.