गुरुजींना न येणारें गणित

गणितांतलें संशोधन हें पदव्युत्तर विद्वानांचें काम. शाळेंतल्या पोरांनीं पाढे पाठ करावे, उदाहरणें सोडवावीं, नवीन कांहीं शोधण्याचा आचरटपणा करूं नये, असें मत पुण्याच्या पंडितांप्रमाणें भोर-वेल्ह्याच्या शिक्षकांतहि रूढ आहे. पोहणें पुरतें आल्यावांचून नीरेंत उतरूं नये, असें सांगण्यापैकींच हें झालें.

या मताला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचें चरित्र पुरेसें उत्तर आहे. फर्ग्युसन कॉलेजांत शिकत असतां १९२७ सालीं, स्वतंत्र गणितलेखनाबद्दल, रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक त्यांना मिळालें. बी. एस्सी.च्या पुढें ते गेले नाहींत. देवळालीस शाळामास्तर राहिले, आणि त्या मास्तरकींतच त्यांनीं ६१७४ चें रहस्य हुडकलें. कोणतीहि चार अंकी संख्या घ्या, चारी अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करा, येईल त्या बाकीवर तेंच पुन्हां करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हात जोडून उभी राहते. आमच्याकडील अनेक विद्वानांनीं कापरेकरांना हौशी ठरवून बाजूस बसविलें. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें आम्हांस जाग आली.

मागल्या पावसाळ्यांत वेल्ह्याच्या बाजूच्या एका शाळेंत मीं हीच वजाबाकी फळ्यावर मांडली. सातवींतल्या एका मुलीनें विचारलें, "दोनच अंक घेतले तर?" गुरुजी म्हणाले, "तें परीक्षेला नाहीं." मुलगी खालीं बसली, पण तिची पेन्सिल थांबली नाहीं. ६३, २७, ४५, मग ९, त्याच्याआधीं शून्य धरून ८१, आणि पुन्हां ६३! येथें मुक्काम नाहींच, नुसती प्रदक्षिणा. तिला वाटलें, आपली वजाबाकी चुकली. "चूक नाहीं, प्रत्येक बाकी नऊच्या पाढ्यांतलीच कां, तें पाहा," असें मीं म्हटलें खरें, आणि सातवीच्या बीजगणितांत तें सिद्धहि होतें. पण मी दुसऱ्या दिवशीं परतलों. तिच्याजवळ राहिले ते गुरुजी.

ऑलिंपियाडसारख्या परीक्षा आहेत ना, असें कोणी म्हणेल. आहेत, आणि त्यांचा उपयोगहि आहे. परंतु तेथें उत्तर परीक्षकाच्या खिशांत आधींच असतें, आणि वेळ घड्याळावर मोजून मिळतो. संशोधनांत महिनाभर चुकण्याची मुभा लागते. ती संवय पंचविसाव्या वर्षीं, पीएच. डी.चा अर्ज भरतांना, एकाएकीं जडत नाहीं. श्रीराम अभ्यंकरांनीं १९७६ सालीं पुण्यास भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिलें, हें भूषणच. पण वेल्ह्याच्या मुलीनें एस. टी. बदलीत, कात्रज ओलांडून तेथवर जावें, असें म्हणणारानें तो प्रवास एकदां दप्तर घेऊन करून पाहावा!

मागणी मोठी नाहीं. कॉलेजांतील गणिताच्या प्राध्यापकानें जवळच्या खेड्यांतलीं चार मुलें हाताशीं घ्यावीं, आणि ज्याचें उत्तर त्याला स्वतःलाच येत नाहीं असा एक प्रश्न त्यांच्याबरोबर वर्षभर चघळावा. पैसा लागत नाहीं. "मला ठाऊक नाहीं" हे शब्द पोरांपुढें उच्चारावे लागतात, आणि अडतें तें तेथेंच.

त्या मुलीनें तीन अंक घेतले असतील, तर तिला ४९५ भेटलेच असतील. चार अंकांपुढें ती गेली कीं नाहीं, हें मीं गुरुजींना पत्रानें विचारलें. उत्तरीं तिचे सहामाहीचे गुण आले.