‘काही विचारायचंय का, सिस्टर?’

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारलं आणि तिथल्या नर्सिंग शाळेनं पुढच्या शतकभरात परिचारिकांच्या कितीतरी पिढ्या घडवल्या. आज जत, तासगाव, पाटण, कोरेगावच्या मुली जीएनएम किंवा बीएस्सी होऊन सांगली-मिरज, सातारा-कराडच्या खासगी रुग्णालयांत मुलाखतीला येतात. औषधाच्या मात्रेपासून सलाईनच्या थेंबांपर्यंत सगळी उत्तरं धडाधड देतात. शेवटी डॉक्टर म्हणतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’

‘नाही सर.’

सरकारी नोकरीत एवढ्यावर भागतं. वैद्यकीय शिक्षण विभागाची 2023 ची परिचारिका भरती संगणकावरच्या परीक्षेतून झाली. पगार आणि रजा नियमांत छापलेल्या असतात. खासगीत बऱ्याच गोष्टी तोंडीच ठरतात, म्हणून तिथं प्रश्न कागदावर लिहून नेलेले बरे.

पहिला प्रश्न पगाराचा नसावा, खाटांचा असावा. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2016 मध्ये आदेश दिला आणि केंद्रानं समिती नेमली. तिची शिफारस अशी: 200 हून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, 100 ते 200 खाटांना त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 ला फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा लहान रुग्णालयातही दरमहा किमान 20,000 रुपये. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे व्यवस्थापनाला पक्कं ठाऊक असतं. पण हे आकडे माहीत असलेली मुलगी ‘तुम्ही द्याल ते’ म्हणत नाही.

मग वॉर्डाचा प्रश्न. नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, अतिदक्षता विभागात खाटेमागे एक. डबल ड्युटीचे पैसे मिळतात की बदली सुट्टी? दुपारची ड्युटी सुटल्यावर गावची शेवटची एसटी गेलेली असेल तर राहायचं कुठं?

सुई टोचली तर काय, हे तर विचारायलाच हवं. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारं औषध 72 तासांच्या आत, खरं तर जितकं लवकर तितकं बरं, सुरू करावं लागतं. रात्री दोनला ते कुणाच्या कुलपात असतं? हिपॅटायटिस-बीच्या लसीचा खर्च कोण करतं?

कपडे बदलायची खोली कुठं आहे, हा प्रश्न काहींना क्षुल्लक वाटेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नोव्हेंबर 1973 मध्ये परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलताना. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं 2013 च्या कायद्यानं सक्तीचं आहे. तिच्या अध्यक्ष कोण, हे नावानिशी विचारता येतं.

‘आगाऊ दिसते’ असा शेरा पडेल, ही भीती खोटी नाही. म्हणून सूर नरम ठेवावा, प्रश्न मात्र गाळू नयेत. मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली तर साक्षांकित प्रती पुढे कराव्यात. बॉण्ड असेल तर मुदत आणि रक्कम विचारून तो घरी वाचायला मागावा. आणि सही करण्याआधी मेट्रनबाईंना वॉर्ड दाखवायची विनंती करावी. भिंतीवरच्या ड्युटी-चार्टवर एकच नाव किती रात्री सलग लागलंय, ते तिथं उभ्यानं मोजता येतं.