ऐकण्या-बोलण्याचं शास्त्र शिकायला निघालात? आधी महिनाभर गावात बसा

परवा संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. आमच्या एका जुन्या डायबेटिसच्या पेशंटची नात पेढे घेऊन आली. खोपोलीची मुलगी. बीएएसएलपी झालं, इंटर्नशिप संपली आणि आता ऑडिओलॉजीच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला.

"डॉक्टरकाका, कॉलेज सुरू व्हायला अजून दीड महिना आहे. काय तयारी करू?"

बाकावर बसलेल्या एका आजींनी लगेच विचारलं, "म्हणजे ही कानाची डॉक्टर होणार का?" आजींचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. म्हणून आधी तोच घेऊ.

ही मंडळी नेमकी कोण?

कान फुटला, पडद्याला भोक पडलं, आत गाठ आली, तर जायचं कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. औषध आणि ऑपरेशन त्यांचं काम. ऑडिओलॉजिस्ट तुम्हाला किती आणि कसं ऐकू येतं ते मोजतात, श्रवणयंत्र निवडतात आणि तुमच्या कानाप्रमाणे जुळवून देतात. स्पीच थेरपिस्ट उशिरा बोलणारी मुलं, तोतरेपणा, पॅरालिसिसनंतर गेलेली वाचा आणि गिळण्याचा त्रास बघतात.

बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी. त्यात हे दोन्ही विषय असतात आणि शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. ते पूर्वी एकत्र असायचं, आता बऱ्याच ठिकाणी ऑडिओलॉजी आणि स्पीच असे दोन वेगळे रस्ते झालेत. काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते.

हे शिक्षण आपल्यापासून दूरही नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात ते १९६०च्या दशकापासून आहे. वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली सुरू झाली. कर्जतहून लोकल पकडायची, दादरला गाडी बदलायची आणि वांद्र्याला उतरायचं. तरीही माझे पेशंट थेरपीसाठी आजही पनवेल, कल्याण नाहीतर मुंबई गाठतात. आठवड्यातून दोनदा जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते. तिसऱ्या आठवड्यात थेरपी बंद पडते, आणि आपण म्हणतो, "आईवडिलांनी लक्ष दिलं नाही."

माझ्या हातून झालेली चूक

प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. कशेळेच्या पुढच्या एका वाडीतली आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. "हाक मारली तर बघत नाही, डॉक्टर." मी मुलाच्या मागे उभा राहून जोरात टाळी वाजवली. मुलगा वळला. मी म्हणालो, "ऐकू येतंय. मुलगे जरा उशिरा बोलतात, काळजी करू नका."

मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर ती परत आली. तो अजून एक शब्द बोलत नव्हता. मुंबईला बेरा तपासणी केली. दोन्ही कानांनी तीव्र बहिरेपणा निघाला. टाळीला तो का वळला असेल? माझी सावली हलली असेल, हवेचा झोत मानेला लागला असेल. टाळी ही तपासणी नव्हे, हे मला माहीत असायला हवं होतं.

दीड वर्ष गेलं, आणि तेही भाषा शिकण्याच्या सगळ्यात मोलाच्या काळातलं. जगभर आता मान्य झालेला हिशेब असा आहे: पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आईने हा हिशेब वाचला नव्हता, पण तिची शंका बरोबर होती. ऐकू न येणारा त्या दिवशी मीच होतो.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, "दीड महिन्यातले पंधरा दिवस पुस्तकांना दे. उरलेला महिना इथे माझ्या ओपीडीत आणि अंगणवाडीत बस."

पुस्तकातलं थोडं

एम.एस्सी.त दमवणारे तीन विषय आधी चाळून ठेवावेत: ध्वनीचं भौतिकशास्त्र, मेंदूची रचना आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्र मुलं टाळतात आणि प्रबंधाच्या वेळी रडतात.

डेसिबलचंच बघा. ९० डेसिबल म्हणजे ८० पेक्षा 'थोडं जास्त' असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी ९० ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत वीस वर्षं काम केलेले कामगार माझ्याकडे बीपीसाठी येतात आणि बायको मागून सांगते, "टीव्ही फार मोठा लावतात." त्यांच्या ऑडिओग्रामवर बहुधा ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. आवाजाने कान गेल्याची ती खूण. गेलेलं परत येत नाही, पण इअरप्लग वापरले तर उरलेलं टिकतं. हा खड्डा पुस्तकातल्या आकृतीत बघणं वेगळं आणि समोरच्या माणसाच्या घरात बघणं वेगळं.

पुस्तकाबाहेरचं बरंच

पहिली गोष्ट भाषेची. आपल्याकडे आगरी घरातलं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं, 'डोळा'ला 'डोला'. शहरातून आलेला थेरपिस्ट लिहून मोकळा होईल: 'ण' आणि 'ळ' येत नाही, उच्चारदोष. दोष कसला? आजी तसंच बोलते, अख्खं गाव तसंच बोलतं. ती बोली आहे, आजार नाही. कातकरी मुलाच्या घरची बोली तर आणखी वेगळी. बालवाडीत ते गप्प बसतं, ते भाषा नवी म्हणून की ऐकू येत नाही म्हणून? हा निवाडा चुकला तर निरोगी मुलाला थेरपी मिळते आणि बहिरं मूल 'लाजाळू' ठरतं. प्रमाण मराठीतही 'चहा'तला च आणि 'चाका'तला च वेगळे आहेत. आपण बोलतो रोज, पण आपल्या कानाने ते कधी मुद्दाम ऐकलेले नसतात. तिने एक वही करावी आणि आपल्या भागातली मुलं काय आणि कसं बोलतात ते उतरवून ठेवावं.

दुसरी गोष्ट गिळण्याची. पॅरालिसिसच्या पेशंटला घरचे प्रेमाने आडवं ठेवून चमच्याने पाणी पाजतात. ठसका लागतो, पाणी श्वासनलिकेत जातं, चार दिवसांनी न्यूमोनिया. फिजिशियन म्हणून मी असे पेशंट गमावले आहेत. ठसका लागतोय, जेवणानंतर आवाज घोगरा, ओलसर येतोय, एवढं लक्षात आलं तरी तोंडाने देणं थांबवून आधी गिळणं तपासून घेता येतं. ही तपासणी स्पीच थेरपिस्टची आहे हे अनेक डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही. ऑडिओलॉजी घेतलेल्या मुलीनेही हे विसरू नये. तालुक्यात बसलं की समोर सगळंच येतं.

आणि आपली तयारी?

ती शिकून येईल, पण आपण तिच्याकडे वेळेवर गेलो नाही तर उपयोग काय? एवढं लक्षात ठेवा:

- सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळायला हवं. वर्षाच्या सुमारास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं. तसं नसेल तर थांबू नका. "बाप पण उशिरा बोलला होता" हे ऐकून घरी जाऊ नका, मग ते डॉक्टरने का सांगितलेलं असेना.
- अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. ही योजना २०१३ साली पालघरहून सुरू झाली. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शंका असेल तर पथकाला स्वतःहून सांगा, पुढे जिल्ह्याला पाठवायची सोय आहे.
- कान न तपासता श्रवणयंत्र विकणाऱ्याकडून ते घेऊ नका. आरसीआय नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार ऐकू न येण्याने जगणं अडलेले ४३ कोटी लोक जगात आहेत. माझं मत एवढंच आहे की त्यांच्यातल्या कर्जत-खालापूरच्या माणसांना दोन गाड्या बदलाव्या लागू नयेत. उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर या तज्ज्ञांची कायम जागा असावी, निदान आठवड्यातले दोन ठरलेले दिवस तरी. आपली मुलं शिकून मुंबई-पुण्यातच राहतात म्हणून आपण कुरकुरतो, पण त्यांनी परत यावं अशी जागा आधी आपण करायला हवी.

निघताना ती म्हणाली, "काका, सोमवारपासून येते. पण मी करू काय?"

म्हटलं, "पहिला आठवडा काहीच करू नकोस. बाकावर बस आणि आया काय सांगतात ते ऐक. मला जे पंचवीस वर्षांपूर्वी जमलं नाही, तेवढं तू आधी शिक."