बारा महिने एकच खेळ कशाला?

"सर, ह्याला क्रिकेटला घालू की फुटबॉलला?" कोल्हापुरातल्या शाळेत खेळ शिकवताना हा प्रश्न मला दर जूनमध्ये ऐकावा लागतो. मुलगा असतो पाचवीतला. दोन्ही खेळू दे म्हटलं की पालकांचा चेहरा उतरतो. अकादमीची फी वर्षाची भरलेली असते, वर दुसऱ्या खेळाच्या नादी लागू नका अशी ताकीद.

मी त्यांना फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळलेल्या चुनी गोस्वामींचं उदाहरण सांगतो. ते कुठल्या टीमकडून आयपीएल खेळले, असंही एकानं विचारलं होतं!

गोस्वामी 1954 पासून 1968 पर्यंत कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबकडून खेळले, दुसऱ्या क्लबात गेलेच नाहीत. 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला 2-1 हरवून भारतानं फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा कप्तान तेच होते. एवढ्यावर कुणीही आयुष्यभर हारतुरे घेत बसला असता. हा माणूस त्याच मोसमात बंगालकडून रणजीत उतरला.

हे हौसेचं क्रिकेट नव्हतं. डिसेंबर 1966 मध्ये इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघानं दौऱ्यावरच्या वेस्ट इंडिजला डावानं हरवलं. सुब्रत गुहांनी 11 बळी घेतले आणि गोस्वामींनी आठ. आपल्या मुंबईनंही त्यांचा हिसका पाहिलाय. 1968-69 च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी मुंबईविरुद्ध 96 आणि 84 धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक मुंबईलाच मिळाला. 1971-72 मध्ये ते बंगालचे कप्तान म्हणून पुन्हा अंतिम फेरीत आले, पुन्हा मुंबईच जिंकली. मी मुंबईच्या बाजूचा, तरी त्या 96 ला चार धावा जोडाव्यात असं वाटतंच.

त्यांच्या अंगात कसब होतं, हे खरंच. पण कोलकात्यात फुटबॉल पावसाळ्यात चाले आणि क्रिकेट थंडीत. एक मोसम संपला की दुसऱ्याला जागा मिळे. बचावपटूला चकवणाऱ्या पायांना खेळपट्टीवर पुढेमागे सरकायला वेगळी शिकवणी लागत नाही, असं माझं मत आहे. एकाच खेळात बारा महिने घासलेली मुलं मात्र मी नववीतच कंटाळून मैदान सोडताना पाहतो.

गोस्वामी कसोटी खेळले नाहीत, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. आजच्या व्यावसायिक पातळीवर दोन खेळ जमणारही नाहीत, विसाव्या वर्षी एकाची निवड करावीच लागेल. पण ती पाचवीत कशासाठी? अकादम्यांनी फी सहा महिन्यांची घ्यावी आणि उरलेल्या सहा महिन्यांत पोरगं कुठे खेळतंय याची चौकशी करू नये.