परसबाग हिरवीगार आहे, पण माती?



शाळेत परसबाग असावी, यावर आता कुणाचं दुमत नाही. मुलं मातीत हात घालतात, बी रुजताना बघतात आणि तीच भाजी पोषण आहारात खातात. पण जागा ठरवताना आपण ऊन आणि पाणी एवढंच बघतो. माझं मत असं की तिसरी गोष्टही बघायला हवी. त्या मातीत शिसं असण्याची शक्यता आहे का?

शिसं म्हटलं की मुलांना शिसपेन्सिल आठवते. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, हे वर्गात जरूर सांगा. शिसं असतं ते जुन्या ऑईल पेंटमध्ये आणि गाड्यांच्या बॅटरीत. आपल्या देशात शिसंयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. घरगुती रंगात शिसं दर दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम 2016 मध्ये झाला. पण शिसं कुजत नाही की नाहीसं होत नाही. पूर्वी धुरातून पडलेलं, रंगाच्या पापुद्र्यांतून आलेलं शिसं मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षं राहतं. म्हणूनच जुन्या रंगवलेल्या भिंतीलगतची, पागोळ्यांखालची, वाहत्या रस्त्याकडेची माती संशयाची.

झाडाला शिशाचा काहीच उपयोग नसतो, तरी मुळं ते शोषतात. प्रमाण जास्त असेल तर बी कमी उगवतं, मुळं आखूड राहतात, हरितद्रव्य घटून पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. पण खरी अडचण पुढे आहे. प्रमाण कमी असेल तर झाड छान टवटवीत दिसतं! म्हणजे भाजीचा हिरवेपणा हा ती निर्धोक असल्याचा दाखला नाही. मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासतात, त्यातही शिसं नसतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं कोणतंच प्रमाण माहीत नाही, आणि लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा 4 ते 5 पट शोषलं जाऊ शकतं. परिणाम होतो मेंदूवर, म्हणजे थेट शिकण्यावर. मग हा विषय फक्त आरोग्य खात्याचा कसा?

"मग परसबागच नको," असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. बाग बंद करू नका, जागा बदला. झाडातलं बरंचसं शिसं मुळातच अडकतं, फळापर्यंत फार थोडं जातं. म्हणून मुळा, गाजर, पालक, मेथी, कोथिंबीर खात्रीच्या मातीतच लावा. टोमॅटो, वांगी, भेंडी त्यामानाने बरी. जागाच नसेल तर चांगली माती आणून उंच वाफे किंवा कुंड्या करा. शेणखत, कंपोस्ट भरपूर घाला, त्यात शिसं बरंच बांधलं जातं. कोकणासारख्या आम्लधर्मी मातीत ते झाडाला सहज मिळतं, तिथे जास्त जपा. पालेभाजीवर धूळ बसते, ती भरपूर पाण्यात धुवा. बागकामानंतर मुलांचे हात साबणाने धुवायलाच हवेत. आणि पालकांनो, जुन्या बॅटऱ्या घरी फोडू नका, रंगवलेलं लाकूड चुलीत घालून त्याची राख भाजीला टाकू नका.

परसबागांच्या स्पर्धेत वाफे मोजले जातात, भाज्यांचे प्रकार मोजले जातात. जागा विचार करून निवडली का, यालाही गुण असावेत, असं मला मनापासून वाटतं. या पावसाळ्यात वाफे आखण्याआधी मुलांना घेऊन शाळेभोवती एक फेरी मारा. रंग कुठे सुटलाय, पागोळ्या कुठे पडतात, रस्ता किती जवळ आहे, हे त्यांनाच शोधू द्या. परिसर अभ्यासाचा यापेक्षा चांगला तास कोणता?